पेरावर अडावी, मुळाशी बसावी

पोरी, साक्षगंधाची तारीख निघाली की साड्या, मानपान, हॉल, जेवण यांवर घरात चार-चार तास खल होतो. अंगठीचं माप मात्र कुणीतरी फोनवर विचारतं, "अंदाजे किती नंबर असंल?" आणि तिकडून उत्तर येतं, "बाराच्या आसपास." मग फोटोवाल्यासमोर मुलीच्या बोटात अंगठी घुसत नाही, नाहीतर नवरदेवाच्या बोटातून खाली ओघळते. हसून वेळ निभते, पण ती अंगठी पुढे कपाटात पडून राहते. तुझी पडून राहू नये म्हणून हे सांगते. माझे वडील मंगरुळपीरला सोनारकाम करायचे आणि सासर मिळालं कारंज्याचं, तेही त्याच धंद्यातलं. त्यामुळे बागेसरीजवळ, म्हणजे सोनाराच्या शेगडीजवळ बसून फुंकणी हातात देता-घेता जे कानावर पडलं, त्यातलंच हे आहे.

वडिलांचं सूत्र एवढंच होतं: "आंगठी पेरावर अडली पाह्यजे, मुळाशी बसली पाह्यजे." आपलं बोट मुळाशी बारीक आणि मधल्या पेरावर जाड असतं. घालताना पेरावर ती थोडी थांबावी, जरा वळवून पुढे सरकवावी लागावी. मुळाशी गेली की अंगठ्यानं फिरवल्यास फिरावी, पण हात झटकला तर जागची हलू नये. कुठेही न अडता सुळकन गेली तर ती सैल आहे, मग दुकानदार "मोकळी बरी असते बाई" असं कितीही म्हणो. आणि घट्ट आहे का हे पाहायचं असेल तर मूठ आवळ. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं, मूठ सोडल्यावर लाल कडं उमटलेलं दिसलं, तर ती एक नंबर तरी मोठी करून घ्यावी लागणार.

माप दुसऱ्याच्या हाती पाठवू नकोस. नरहरी सोनारांची गोष्ट तू कीर्तनात ऐकली असशील. पंढरपुरात राहून विठ्ठलाच्या देवळाकडे न पाहणारे शिवभक्त ते. एका सावकारानं नवस फेडायला विठोबासाठी सोन्याचा करगोटा सांगितला. नरहरी देवळात पाऊल टाकीनात, म्हणून सावकारानंच माप आणून दिलं. करगोटा घडला, पण कमरेला बसेना. दुरुस्त केला तरी पुन्हा चुकला, कधी आखूड तर कधी लांब. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले, हाताला व्याघ्रांबर आणि साप लागले, पट्टी काढावी तर समोर विठ्ठल. कीर्तनकार इथून हरिहरांच्या ऐक्याकडे वळतात, आणि वळायलाच हवं. आमच्या घरी मात्र माघात नरहरी महाराजांची पुण्यतिथी झाली की वडील प्रसाद वाटता वाटता दुकानातल्या पोरांना बजावायचे, "देवाचं माप बी दुसऱ्यानं आणलेलं चुकलं, मंग माणसाचं काय घेऊन बसले!"

तरी मुलाकडची माणसं पुण्यात, मुलगी अनसिंगला, असं आता सर्रास असतं. तेव्हा निदान फोनवर ठोकताळा तरी सांगू नये. कागदाची चिंचोळी पट्टी काप, वहीच्या रेघेपेक्षा रुंद नको. ती बोटाच्या मुळाशी गुंडाळ, जिथं टोक येतं तिथं पेनानं खूण कर, पट्टी सरळ करून मिलिमीटरमध्ये मोज. आपल्याकडच्या सराफाचा नंबर म्हणजे त्या मापातून चाळीस वजा. बावन्न मिलिमीटर आले तर साधारण बारा नंबर, छप्पन आले तर सोळा. मग तीच पट्टी पेरावरून गुंडाळून दुसरं माप घे. मूळ चौपन्न आणि पेर पंचावन्न असेल तर काही चिंता नाही, चौदा सांग. पण पेर अठ्ठावन्न भरलं तर चौदाची अंगठी आत जायचीच नाही, तिथे सतरापर्यंत जावं लागतं. दोऱ्यानं मोजू नकोस. दोरा ओढला की ताणतो, सैल धरला की ढिला पडतो, आणि एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की एक नंबर बदलला. एका नंबरानं अंगठीच्या आतला व्यास मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच वाढतो. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला लगेच कळतो.

सगळ्यात बरं म्हणजे त्या बोटात नेहमी बसणारी एखादी जुनी अंगठी नेऊन द्यावी. त्याच बोटातली. उजव्या हाताची अनामिका आणि डाव्या हाताची अनामिका सारख्या नसतात. ज्या हातानं भाकरी थापतो, विळा धरतो, तो हात बहुतेक वेळा जाड असतो. आणि अंगठी रुंद पट्टीची असेल तर अर्धा ते एक नंबर वाढव. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा समाजातल्या जुन्या बाया पाहिल्यास ना? त्यांच्या हातातली रुंद चांदी बोटाचा बराच भाग झाकते. जितकी पट्टी रुंद, तितकी ती कातडीला जास्त धरते, बारीक वळ्याच्या मापानं ती केली तर बोटातून निघायची नाही.

आता माप घ्यायच्या वेळेचं. बोट दिवसभर एकसारखं राहत नाही. झोपून उठल्यावर सुजल्यासारखं असतं, गार पाण्यात हात घातला की आकसतं, उन्हातून आलं की फुगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. पौषातल्या गारठ्यात माप दिलेली अंगठी तेव्हा हमखास रुतते. उलट उन्हाळ्यात, कुरडयांचा घाणा घालून उठलेल्या हाताचं माप दिलं तर दिवाळीत अंगठी धुणं धुताना जाते. संध्याकाळी, घरात शांत बसलेली असताना, हात ना गार ना तापलेला, अशा वेळी माप घे. आणि आठवड्यात एकदा अजून घेऊन पाहा. दोन्ही मापं जुळली तरच सोनाराला सांग.

गार पाण्याचं मी उगाच म्हणत नाही. शकुंतलेची अंगठी तीर्थाच्या पाण्यात पडली, माशाच्या पोटातून कोळ्याला मिळाली, हे कालिदासानं लिहिलंय. दुर्वासाच्या शापामुळे राजा तिला विसरला, ते नाटकातलं खरं. पण अंगठी पडली ती पाण्यात हात घातल्यावर, हे आमच्या वडिलांना फार पटायचं. कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळला जाणाऱ्या आपल्या छोट्या गाडीलाही लोक शकुंतलाच म्हणायचे, आणि तिच्या डब्यात कुणाचं काय हरवलं की वडील हीच गोष्ट काढायचे. नदीवर, विहिरीवर, देवळाच्या कुंडात अंघोळीला जाताना अंगठी काढून पदराला बांधायची जुन्या बायांची रीत होती. पदराची गाठही सुटते म्हणा. अंगठी घरीच ठेवलेली बरी.

आता मुख्य काम. अंगठी लहान करणं सोपं असतं, मोठी करणं जिकिरीचं. लहान करताना सोनार तिला मागून, तळहाताकडच्या बाजूनं, बारीक करवतीनं कापतो, जास्तीचा तुकडा काढतो, दोन्ही टोकं जुळवतो आणि टाकणखार लावून झाळतो. मग कानस, मग पॉलिश. तो काढलेला तुकडा मागून घ्यायचा. लाज वाटू देऊ नकोस. दोन नंबर कमी केले तर दोन मिलिमीटरचा तुकडा निघतो. पट्टी दोन मिलिमीटर रुंद आणि दीड जाड असेल तर बावीस कॅरेटचं ते सोनं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. जुन्या तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. हा तुकडा गुंजेला किंचित कमी पडतो. पूर्वी गुंजभर सोनं सोनाराकडे राहिलं तर कुणी बोलत नसे. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, तेव्हापासून तोच तुकडा हजाराच्या घरात आहे.

कानशीनं घासताना जे झडतं ते मात्र मागू नये. ती घट धंद्यात धरलेलीच असते. ते कण पाटावर, चटईवर, राखेत पडतात. आमच्याकडे वर्षातून कधीतरी झारेकरी यायचे, दुकानातली केरराख विकत घ्यायचे आणि धुऊन धुऊन त्यातून सोनं काढायचे. वडील झाडलेला केर कधी उकिरड्यावर टाकू देत नसत. घरच्या बायांना अंगण झाडतानासुद्धा ताकीद असायची, दुकानाच्या उंबऱ्याबाहेरचा केर वेगळा ठेवा म्हणून.

मोठी करायचे दोन रस्ते. साधं, बिनखड्याचं, सगळीकडून सारख्या जाडीचं वळं असेल तर ते तापवून मऊ करतात आणि निमुळत्या लोखंडी सळईवर चढवून हलक्या हातोडीनं फुगवतात. यात सोनं नवीन घालावं लागत नाही, पैसे कमी लागतात, आणि म्हणून दुकानदाराला हाच रस्ता आवडतो. अर्धा, फार तर एक नंबर वाढवायला तो ठीक आहे. त्यापुढे नको. ताणलं तेवढं सोनं पातळ होतं आणि ते सगळीकडे सारखं होत नाही. तळहाताकडची बाजू आधीच वापरानं झिजलेली असते, तिथेच ते आणखी पातळ होतं आणि वर्ष-दोन वर्षांत तिथेच तुटतं. मला विचारशील तर एक नंबरापेक्षा जास्त वाढवायचं असलं की सरळ कापून पट्टी घालून घे. दोनशे-चारशे रुपये वाचवायला आजीची अंगठी पातळ करून घेण्यात काय शहाणपण?

पट्टी घालताना ती त्याच कसाची असली पाहिजे. हे जुन्या अंगठ्यांच्या बाबतीत फार सांभाळावं लागतं, आणि का ते तुला माहीत नसणार. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या, कुणी रिक्षा ओढली, कुणी वावरात मजुरीला गेलं. पुढे चौदा कॅरेटची अट उठली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा थेट १९९० पर्यंत होता. त्या चौदा कॅरेटच्या काळातली एखादी अंगठी तुमच्या घरात असेल तर तिच्यात सोनं साठ टक्क्यांच्याही खाली असतं, बावीस कॅरेटमध्ये ते साडेएक्क्याण्णव टक्के. तिला बावीसची पिवळीधमक पट्टी घातली की सांधा दोन हातांवरून ओळखू येतो. म्हणून जुनी अंगठी दिलीस की पहिल्यांदा कसोटीच्या दगडावर घासून कस पाहायला सांग. काळ्या दगडावर अंगठीची एक रेघ, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ, वर तेजाबाचा थेंब. कुठली रेघ टिकते, कुठली विरते, हे तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. चांगला कारागीर यात रागवत नाही.

झाळाचंही विचार. टाका घालायचा तो सोन्यापेक्षा आधी वितळणारा असावाच लागतो, म्हणून त्यात थोडा दुसरा धातू येतो. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर केडीएम लिहिलेलं असायचं, तो कॅडमियमचा झाळ. त्याचा धूर फुंकणाऱ्याच्या छातीत जायचा. हॉलमार्कच्या दागिन्यात तो आता चालत नाही. झाळ हलका वापरला असेल तर महिना-दोन महिन्यांत सांध्यावर काळपट रेघ उमटते. तेव्हा अंगठी परत नेऊन दाखवायची, आणि नेताना पावती सोबत असली की बोलणं दोन मिनिटांत संपतं.

नवीन अंगठीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं असतात, ती नखानं जाणवतात, वाचायला भिंग लागतं. मानक ब्यूरोची खूण, मग २२के९१६ असं काही, आणि सहा अक्षरं-अंकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र सूट आहे. बीआयएस केअर नावाच्या ॲपवर क्रमांक टाकला की तो दागिना कुठला, किती कसाचा, हे दिसतं. ते तू माझ्यापेक्षा लवकर पाहशील. मला सांगायचंय ते वेगळंच: कापायला देताना अंगठी उलटी करून कारागिराला ती अक्षरं दाखव आणि म्हण, "दादा, इथं करवत लावू नका." कापायची जागा तिथून अर्धा सेंटिमीटर सरकवली तर त्याचं काही बिघडत नाही. अक्षरं गेली तर उद्या मोड देताना नवा सराफ पुन्हा तपासणीची भाषा करतो.

खड्याच्या अंगठीला मी नेहमी घाबरते. मोती आणि पोवळं दोन्ही चुन्याच्या जातीचे, त्यांना आच सोसत नाही आणि तेजाब तर नाहीच नाही. पाचूच्या आत मुळातच भेगा असतात, त्या तेलानं भरलेल्या असतात, आचेनं तेल जातं आणि खडा निस्तेज होतो. हिरा, माणिक आच बऱ्यापैकी सोसतात, पण तापलेली अंगठी घाईनं पाण्यात बुडवली तर तेही तडकू शकतात. तेव्हा सांगताना गोड बोलून का होईना, पण सांगायचं: आधी खडा काढा, मग आच द्या, मग खडा बसवा. मोठ्या शहरात आता लेझरचं यंत्र असतं, त्यावर खडा न काढताही सांधता येतं. तेवढ्यासाठी अकोल्याला, नागपूरला जायला हरकत नाही. आमच्या काळी नाजूक काम अकोल्यालाच जायचं. तेव्हा जिल्हाही अकोलाच होता, वाशीम वेगळं झालं १ जुलै १९९८ ला.

नवरत्नाची किंवा वरून सगळीकडे खडे जडवलेली अंगठी दोन नंबरांपलीकडे हलवू नये. वळं वाकलं की खड्याचे पंजे उघडतात. मीनाकाम असेल तर आचेनं मीना तडकतो. पोकळ अंगठीत लाख भरलेली असते, ती आत जळते आणि वरून सोनं दबतं. अशी अंगठी ताणायला कुणी "होऊन जाईन ना बाप्पा" म्हणालं तर हसून उठून यावं. आणि शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी कुणी मोठी करून देत नाही, ती नवीनच घ्यावी लागते.

काम झाल्यावर दुकानातून लगेच उठायचं नाही. आधी अंगठी कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी मार आणि हलव. खडा ढिला असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. दुकानात टीव्ही चालू असेल तर बंद करायला सांग, मी सांगायची. मग कापसाचा बोळा खड्याभोवती फिरव. पंजा वर आलेला असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. उद्या तिथेच साडीचा धागा अडकणार, परवा खडा पडणार. सांध्यावर तोंडाची वाफ टाक, वाफ उडताना रेघ दिसते. आतून नख फिरव, कुठे खरखर लागली तर कानस अजून मागते आहे. शेवटी सळईवर चढवून उजेडाकडे धर. अंगठी आणि सळईमधून एका बाजूला उजेड दिसला तर ती गोल राहिलेली नाही. मग काट्यावर वजन. देतानाचं आणि घेतानाचं, दोन्ही पावतीवर मिलिग्रॅमपर्यंत लिहून घे. पट्टी घातली असेल तर तिचंही वजन वेगळं लिहून घे.

ज्यांची पेरं सुजलेली, त्यांचं काय, हे तुझी आई मला विचारून विचारून थकली. संधिवाताच्या हातात पेराच्या मापाची अंगठी मुळाशी गरगर फिरते, खडा तळहातात जातो. अशा वेळी अंगठी पेराच्याच मापाची करायची आणि आतून, खालच्या बाजूला, दोन बारीक सोन्याचे मणी झाळून घ्यायचे. पेरावरून जाताना ते कातडी जरा दाबतात, मुळाशी गेल्यावर अंगठीला धरून ठेवतात. डोक्याला जड असलेल्या, मोठ्या खड्याच्या अंगठीलाही हाच इलाज चालतो. काही दुकानांत आत बसवायची लवचीक पत्ती मिळते. मला मणीच बरे वाटतात, पत्तीत पीठ अडकतं.

दोरा गुंडाळणं मात्र तात्पुरतं समज. सैल अंगठीला खालून पांढरा दोरा गुंडाळायचा आणि वर हळद लावायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती. लग्नाच्या दिवसापुरती ठीक आहे. महिनोनमहिने तो दोरा ओला राहतो, साबण, पीठ, मीठ त्यात बसतं आणि खालची कातडी पांढरी पडून खाजायला लागते. वडील अशी अंगठी आली की आधी दोरा कापायचे, बोट पाहायचे आणि मग सोन्याकडे वळायचे.

जुन्या बायांना वेढणी का आवडायची, ते मला या सगळ्यात कळलं. सोन्याची तार दोन-तीन वेळा बोटाभोवती फिरवलेली, टोकं मोकळी, सांधा कुठेच नाही. सैल झाली की दाबून आवळायची, घट्ट झाली की उकलायची. आईच्या बोटातून लेकीच्या बोटात ती सोनाराकडे न जाता जायची. दिसायला साधी, म्हणून आता कुणी करत नाही. तुला नेहमीच्या वापराला काही हवं असेल तर तशी करून घे. घडणावळही कमी पडते.

बोट सुजलं की अंगठी आधी काढायची, मग बाकी सगळं. विंचू चावला, भाजलं, हात मुरगळला, की सूज यायच्या आत. सातवा महिना लागला की पायांसोबत बोटंही फुगतात, तेव्हाही वेळेवर काढून ठेव. आणि बाळंतपणानंतर चार-सहा महिने कुठलंच माप बदलून घेऊ नकोस, बोट आपोआप मूळ मापावर येतं. अडकलीच तर हात डोक्याच्या वर धर, गार पाण्याचा फडका गुंडाळ, साबण किंवा तेल लाव आणि वळवत काढ. तरी नाही निघाली तर शिवायचा दोरा घे. त्याचं एक टोक सुईच्या मागच्या बाजूनं अंगठीखालून तळहाताकडे सरकव. उरलेला दोरा अंगठीच्या पुढे, नखाच्या दिशेनं, पेर झाकेपर्यंत एकाला एक लावून घट्ट गुंडाळ. आता तळहाताकडचं टोक धरून नखाकडे उलगडत जा. दोरा जसा सुटतो तशी अंगठी त्याच्यावरून पुढे सरकते. बोट निळं पडलं असेल, बधिर झालं असेल, तर यातलं काहीही करत बसू नकोस, दवाखाना गाठ. तिथे अंगठी कापतात. कापलेली सांधून मिळते.

सोयाबीनच्या दिवसांत हडंब्यापाशी उभी राहणारी, कुट्टी मशीनला हात लावणारी माणसं घरात आहेत. त्यांच्या हातात अंगठी नको, साक्षगंधाची असली तरी नको. अंगठी पट्ट्यात अडकली तर बोटासकट ओढली जाते. नवरदेवालाही हे सांग, त्याला वाईट वाटेल, वाटू दे.

राहिला प्रश्न कधी जायचं. लोक धनत्रयोदशीला जातात. तेव्हा सोयाबीनचा पैसा हातात आलेला असतो, वाशीमच्या पाटणी चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि माप बदलायचं छोटं काम कारागीर एका बाजूला ढकलतो किंवा रात्री उशिरा उरकतो. जायचं ते आषाढात. पेरणीला पैसा गेलेला असतो, सराफाच्या गादीवर माशी बसत नाही, कारागीर मोकळा असतो. तो बंगालचा असो की आपल्या गावचा, तेव्हा तो नीट बसून, चष्मा पुसून काम करतो. समोर बसून बघू देतो. मजुरीही ओढून मागत नाही. तुझं साक्षगंध मार्गशीर्षात आहे, म्हणजे आषाढ हातात आहे. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न आपल्याच वत्सगुल्मात, म्हणजे वाशिमात लावून दिलंय. त्यांच्या अंगठ्यांचं माप कुणी घेतलं, ते त्यानं लिहिलेलं नाही. तुमच्या दोघांचं तरी तुम्ही स्वतः घ्या. नवरदेवाला रविवारी बोलाव, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. कागदाची पट्टी मी कापून ठेवते.